ब्रिज रेक्टिफायरमधील दोष कसा शोधावा आणि अर्थिंगची पिन का कापू नये



बारावीच्या भौतिकशास्त्रात रेक्टिफायर हा विषय येतो. चार डायोड, एक ट्रान्सफॉर्मर आणि एक कपॅसिटर एवढ्या सामानात तयार होणारे हे सर्किट आपल्या घरातही ठायी ठायी आहे. मोबाईलचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, टीव्ही, चवथीच्या माटोळीभोवती लावलेल्या दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर आणि गावच्या भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर या सगळ्यांत ते आहे. त्यामुळे ते बिघडले तर दोष कुठे आहे हे शोधण्याची रीत परीक्षेपुरतीच उपयोगी पडते असे नाही.

या लेखात आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. पहिली, ब्रिज रेक्टिफायरमधील दोष क्रमाने कसा शोधावा. दुसरी, दोष शोधण्याचे उपकरण, म्हणजे प्रयोगशाळेतील सीआरओ, स्वतः जमिनीशी जोडलेले असते आणि ते विसरल्यास चांगले सर्किट कसे जळते. या दुसऱ्या गोष्टीवर पुष्कळ ठिकाणी एक घातक इलाज केला जातो. सीआरओच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. तो इलाज का करू नये, हे विद्यार्थ्यांइतकेच पालकांना आणि विश्वस्तांनाही कळले पाहिजे.

ब्रिज म्हणजे काय?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी असते. ती एका सेकंदात ५० आवर्तने पूर्ण करते आणि प्रत्येक आवर्तनात एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने वाहते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मात्र एकाच दिशेने वाहणारी दिष्ट धारा, म्हणजे डीसी लागते. डायोड हा एकाच बाजूने उघडणारा दरवाजा आहे. असा एकच डायोड वापरला तर अर्धे आवर्तन फुकट जाते. चार डायोड चौकोनात जोडले तर दोन्ही अर्धी आवर्तने एकाच दिशेने लोडमधून नेता येतात. या मांडणीला ब्रिज म्हणतात.

ही मांडणी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. पोलंडचे कारोल पोलाक यांनी १८९५ साली तिचे पेटंट घेतले आणि जर्मनीचे लिओ ग्रेट्झ यांनी १८९७ साली ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. म्हणून काही पुस्तकांत तिला ग्रेट्झ ब्रिज असेही नाव दिसते.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असेल तर पेडणे स्थानकात जाऊन उभे राहा. महाराष्ट्रातून येणाऱ्या कोकण रेल्वेच्या गाडीला गोव्यातले हे पहिले स्थानक. कोकण रेल्वेच्या पूर्ण विद्युतीकरणाचे लोकार्पण २० जून २०२२ रोजी झाले. वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट एसी मिळते. डब्ल्यूएपी-४ सारख्या जुन्या पिढीच्या इंजिनांत ट्रान्सफॉर्मर हा दाब उतरवतो आणि सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर त्याचे डीसी करून मोटारींना देतो. आपल्या टेबलावरचे सर्किट आणि ते इंजिन यांत आकाराचा फरक प्रचंड आहे, पण तत्त्व एकच. महाराष्ट्रात चंद्रपूरहून पडघ्याला ७५२ किलोमीटर वीज डीसी स्वरूपात नेली जाते. तेथेही ब्रिजच आहे, फक्त साध्या डायोडऐवजी थायरिस्टरचा.

आपले सर्किट आणि त्याचे आकडे

दोष शोधण्याआधी चांगले सर्किट काय आकडे देते हे माहीत हवे. निरोगी माणसाची नाडी ठाऊक नसेल तर ताप ओळखायचा कसा?

आपण असे धरू की ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो, डायोड १एन४००७ जातीचे आहेत, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा आहे आणि लोड १०० मिलिअँपिअर धारा घेतो. १एन४००७ हा डायोड एक अँपिअर धारा आणि हजार व्होल्टपर्यंतचा उलटा दाब सहन करतो, म्हणून या कामाला तो भरपूर झाला.

ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याच्या दोन टोकांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू. ब्रिजच्या बाहेर येणाऱ्या टोकांना 'अधिक' आणि 'उणे' म्हणू. चार डायोड असे आहेत:

१. पहिला 'अ' पासून 'अधिक'कडे,
२. दुसरा 'ब' पासून 'अधिक'कडे,
३. तिसरा 'उणे' पासून 'अ'कडे,
४. चौथा 'उणे' पासून 'ब'कडे.

'अ' टोक जास्त दाबाचे असताना धारा पहिल्या डायोडमधून लोडमध्ये जाते व चौथ्यातून परतते. 'ब' जास्त दाबाचे असताना दुसऱ्यातून जाते व तिसऱ्यातून परतते. हा क्रम वहीत आकृती काढून पाठ करावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

१२ व्होल्ट हे एसीचे आरएमएस मूल्य आहे. शिखरमूल्य त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. धारा एका वेळी दोन डायोडमधून जाते आणि प्रत्येकात सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. म्हणून कपॅसिटरवर शिखरमूल्य येते साधारण १५.५ व्होल्ट. दोन शिखरांच्या मधल्या वेळात कपॅसिटर लोडला धारा पुरवतो आणि त्याचा दाब थोडा उतरतो. या चढउताराला रिपल म्हणतात. पूर्ण ब्रिजमध्ये सेकंदाला १०० शिखरे येतात, म्हणून रिपल येतो सुमारे १ व्होल्ट. ०.१ अँपिअरला १०० आणि ०.००१ फॅरड यांच्या गुणाकाराने भागा, उत्तर १ येईल. म्हणजे दाब १४.५ आणि १५.५ यांच्यामध्ये हलतो आणि मल्टिमीटर सरासरी १५ दाखवतो.

प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरवर भार कमी असेल तर आकडे याहून थोडे वर जातात. संध्याकाळी लाईनचा दाब उतरलेला असेल तर खाली येतात. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मरचा एसी दाब मोजावा आणि त्यावरून डीसीचा अंदाज करावा.

दोष शोधण्याची रीत

पहिली पायरी नेहमी एकच. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मग कपॅसिटर रिकामा करा. आपल्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला एक किलोओहमचा रोधक जोडून पाच सेकंद थांबले की तो जवळजवळ रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढण्याची सवय चांगली नव्हे.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि नाकाची. फुगलेला कपॅसिटर, काळा पडलेला डायोड, वळणाजवळ सुटलेला सोल्डर, जळका वास. पावसाळ्यानंतर आपल्याकडे हिरवट गंज चढलेले पाय फार दिसतात. अर्धे दोष येथेच सापडतात.

तिसरी पायरी मल्टिमीटरची. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, हा चांगला डायोड. दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य दाखवला तर तो शॉर्ट आहे. दोन्ही दिशांनी काहीच दाखवले नाही तर तो तुटला आहे. सर्किटमध्ये असताना शंका आली तर डायोडचे एक टोक सोडवून पुन्हा मोजावे.

आता लक्षणे पाहू.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर तापतो. बहुधा एखादा डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे. नवा फ्यूज घालत राहू नये आणि फ्यूजच्या जागी जाड तार तर कधीच घालू नये. दुरुस्ती करणाऱ्यांकडे सिरीज बोर्ड असतो. त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब उपकरणाच्या ओळीत जोडलेला असतो. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सर्किट वाचते. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

डीसी अजिबात येत नाही, पण एसी येते. दोन डायोड तुटलेले असतील किंवा कुठेतरी जोड सुटलेला असेल. 'अ' व 'ब' पासून एक एक टप्पा पुढे मोजत जावे.

डीसी येते, पण अॅम्प्लिफायर घुमतो. हा सर्वांत फसवा दोष. समजा चौथा डायोड तुटला. आता ब्रिज अर्धेच काम करतो आणि सेकंदाला १०० ऐवजी ५० शिखरे येतात. शिखरमूल्य तेच, १५.५. रिपल मात्र दुप्पट, २ व्होल्ट. दाब १३.५ आणि १५.५ यांच्यामध्ये हलतो आणि सरासरी १४.५ येते. म्हणजे मल्टिमीटर १५ ऐवजी १४.५ दाखवणार. एवढ्या फरकावरून कोणीही दोष आहे असे म्हणणार नाही. पण पुढे ७८१२ सारखा १२ व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर त्याला आत सुमारे १४ व्होल्ट तरी लागतात. आधी दाब १४.५ च्या खाली जात नव्हता. आता तो प्रत्येक आवर्तनात १३.५ पर्यंत जातो आणि तेवढ्यापुरता रेग्युलेटर हात टेकतो.

येथे मल्टिमीटरचीच एक युक्ती कामी येते. तो एसीच्या खुणेवर ठेवून कपॅसिटरवर लावा. तो रिपल दाखवेल. चांगल्या ब्रिजला साधारण ०.३ व्होल्ट, अर्ध्या ब्रिजला साधारण ०.६ व्होल्ट. डीसीमध्ये न दिसणारा फरक येथे दुप्पट होऊन दिसतो. काही स्वस्त मल्टिमीटर एसीवर असतानाही डीसी मोजतात व भलताच मोठा आकडा दाखवतात. अशा वेळी लाल टोकापुढे ०.१ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर जोडावा.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांसाठी आणखी एक युक्ती आहे. कपॅसिटर सुकला असेल तर घुमणे १०० हर्ट्झचे येते. डायोड तुटला असेल किंवा दोष अर्थिंगचा असेल तर ते ५० हर्ट्झचे येते. दोहोंत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. भजनाला बसणाऱ्या कानाला ते सहज कळते.

सीआरओ आणि जमिनीला जोडलेली क्लिप

रिपल डोळ्यांनी पाहायचा तर सीआरओ लागतो. पडद्यावर आडव्या दिशेने एका घराला ५ मिलिसेकंद ठेवले तर चांगल्या ब्रिजचा प्रत्येक उंचवटा दोन घरे व्यापतो. एक डायोड तुटला तर दर चार घरांत एकच उंचवटा दिसतो. पाहताक्षणी निदान होते. पण येथेच मेख आहे.

सीआरओच्या प्रोबला दोन टोके असतात, एक अणकुचीदार टोक आणि एक काळी क्लिप. मल्टिमीटरच्याही दोन तारा असतात, म्हणून मुलांना वाटते की दोन्ही सारखेच. ते सारखे नाहीत. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याचा जमिनीशी संबंध नाही. त्याच्या तारा सर्किटच्या कोणत्याही दोन बिंदूंना लावल्या तरी चालतात. सीआरओची काळी क्लिप मात्र त्याच्या धातूच्या पेटीला जोडलेली असते, पेटी प्लगच्या मोठ्या पिनला आणि ती पिन शाळेच्या अर्थिंगला. म्हणजे क्लिप जिथे लावली तो बिंदू जमिनीला जोडला गेला. दोन चॅनेल असतील तर दोन्हींच्या क्लिपा आतून एकच आहेत.

हे तपासून पाहणे सोपे व सुरक्षित आहे. सीआरओचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा आणि शिक्षकांसमोर मल्टिमीटरने प्लगची मोठी पिन व प्रोबची क्लिप यांच्यातील रोध मोजा. तो शून्याच्या जवळ येतो. आमच्या मते सीआरओला हात लावण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने हे मोजमाप एकदा तरी करावे.

आता दोन प्रकार पाहू.

पहिला प्रकार. विद्यार्थ्याला ब्रिजच्या आत जाणारी एसी आणि बाहेर येणारी डीसी एकाच वेळी पाहायची आहे. तो पहिल्या चॅनेलची क्लिप 'उणे'ला लावतो आणि दुसऱ्या चॅनेलची क्लिप 'अ' टोकाला. दोन्ही क्लिपा आतून एकच असल्याने 'उणे' आणि 'अ' जोडले गेले, म्हणजे तिसरा डायोड शॉर्ट झाला. 'अ' जास्त दाबाचे होताच धारा 'अ' मधून थेट 'उणे'वर आणि तेथून चौथ्या डायोडमधून 'ब'वर जाते. वाटेत लोड नाही. ट्रान्सफॉर्मरची सगळी ताकद एकट्या चौथ्या डायोडवर येते आणि तो जळतो. मुले मग म्हणतात, डायोड कच्चा होता. नवा घालतात, तोही जळतो.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही क्लिपा 'उणे'लाच लावा. एका प्रोबचे टोक 'अ'ला आणि दुसऱ्याचे 'ब'ला लावा. सीआरओवर दुसरा चॅनेल उलटा करून दोन्हींची बेरीज करा. पडद्यावर 'अ' आणि 'ब' मधील फरक, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एसी दिसेल आणि काहीही जळणार नाही.

दुसरा प्रकार. हा जिवावर बेतणारा आहे. मोबाईल चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही यांच्या पहिल्या भागात ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट थेट ब्रिजमध्ये जातात. त्यातील 'उणे' हा बिंदू नावाने उणे असला तरी तो जमिनीच्या दाबावर नाही. फेज खाली जाते तेव्हा तोही तिच्याबरोबर ३२५ व्होल्टपर्यंत खाली जातो. त्याला सीआरओची क्लिप लावली की जमिनीतून क्लिपवाटे, डायोडमधून, थेट फेजपर्यंत मार्ग तयार होतो. मोठा आवाज, ठिणगी, वितळलेली क्लिप आणि जळालेला ब्रिज. म्हणून शाळेत एकच नियम हवा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूपलीकडे, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, सीआरओ न्यायचा नाही. अशी उपकरणे विद्यार्थ्यांनी घरीही उघडू नयेत. त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असतो.

पिन कापण्याचा इलाज

वरील धडाका एकदा झाला की कोणीतरी सुचवतो, 'सीआरओच्या प्लगची मोठी पिन काढून टाका, म्हणजे क्लिप जमिनीला लागणार नाही.' हे खरे आहे. ठिणगी उडणार नाही. पण दोष गेला नाही, लपला. आता क्लिप ज्या दाबावर असेल त्याच दाबावर सीआरओची सगळी धातूची पेटी, बटणांचे स्क्रू आणि दुसऱ्या प्रोबची क्लिप आली. क्लिप २३० व्होल्टच्या बाजूला लागली तर पूर्ण पेटी जिवंत झाली. पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. लाटेचे चित्र सुंदर येते. पुढचा विद्यार्थी पेटीवर हात टेकतो.

शरीरातून एक मिलिअँपिअर धारा गेली तर झिणझिण्या येतात. दहाच्या आसपास गेली की स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे जीव धोक्यात येतो. अॅम्प्लिफायर घुमतो की नाही या प्रश्नाची किंमत एवढी मोठी नाही.

पालकांनी घरची एक गोष्ट तपासावी. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात का? अशा उपकरणांत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीकडे एक एक लहान कपॅसिटर असतो. अर्थिंग असेल तर त्यातील किंचित धारा जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेले असेल तर पेटी साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहते. धारा अल्प असल्याने जीव जात नाही, पण मुंग्या येणे ही सूचना आहे की त्या सॉकेटची तिसरी पिन नावापुरतीच आहे.

भजनी मंडळांतही हाच इलाज चालतो. लॅपटॉप किंवा मिक्सर एका खोलीच्या सॉकेटवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी वायर. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक वायरच्या जाळीतून वाहतो. घुमणे सुरू. ओळखायचे कसे? आत येणारी वायर काढा. घुमणे थांबले तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा. तसेच राहिले तर अॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचा, म्हणजे आपल्या ब्रिजचा. अर्थिंगचा असेल तर दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवर घ्यावी, किंवा मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पिन कापून घुमणे थांबवले तर पुढे कधीतरी फेज पेटीला लागेल, तेव्हा गायकाच्या हातातला धातूचा माईक जिवंत होईल.

सीआरओसाठी खरे उपाय तीन आहेत. एक, वर सांगितलेली दोन प्रोबची वजाबाकी. दोन, डिफरन्शियल प्रोब. तीन, १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. या ट्रान्सफॉर्मरवर तपासायचे सर्किट घ्यायचे, सीआरओ नव्हे. सीआरओची तिसरी पिन जागेवरच राहते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे निर्धास्त झालो असेही नाही. क्लिप लावताच त्या सर्किटचा एक बिंदू पुन्हा जमिनीला जोडला जातो आणि अलीकडचा आरसीसीबी पलीकडची चूक ओळखू शकत नाही. म्हणून हे काम प्रौढ व जाणत्या माणसाचेच.

जांभ्याचा सडा आणि आपले अर्थिंग

आता पिन शाबूत आहे, वायर शाबूत आहे, तरी प्रश्न उरतो की जमिनीत गेलेली ती तार खरोखर काम करते का? पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत हा प्रश्न विशेष आहे. आपली कितीतरी घरे आणि शाळा जांभ्याच्या सड्यावर किंवा सड्याच्या उतारावर आहेत. पावसाळ्यात जांभा पाण्याने भिजलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत तोच सडा कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही.

हिशेब करून पाहा. समजा अर्थिंगचा रोध २ ओहम आहे. फेज पेटीला लागली तर २३० भागिले २, म्हणजे शंभर अँपिअरहून जास्त धारा वाहू पाहील आणि फ्यूज तत्काळ उडेल. आता समजा उन्हाळ्यात रोध ४० ओहम झाला. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास. १५ अँपिअरचा फ्यूज याला ढुंकूनही पाहणार नाही. अर्थिंग आहे, पिन आहे, फ्यूज आहे, आणि तरी पेटी जिवंतच राहिली. वीज खात्याच्या ट्रान्सफॉर्मरकडील अर्थिंगचा रोध येथे धरलेला नाही. तो धरला तर धारा आणखी कमी होते.

पुष्कळांचा समज असा की फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावावा, लागला तर अर्थिंग चांगले. हा समज चुकीचा आहे. १०० वॉटच्या बल्बचा पेटता रोध सुमारे ५३० ओहम असतो. त्याच्या ओळीत ४० ओहम आले तरी बल्बला २१४ व्होल्ट मिळतात आणि तो जवळजवळ पूर्ण उजेड देतो. मल्टिमीटर तर नगण्य धारा घेतो, त्यामुळे तो आणखी सहज फसतो. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टर या उपकरणानेच मोजायचा असतो, आणि तो एप्रिल-मेमध्ये मोजावा. जुलैमध्ये मोजून मिळालेला चांगला आकडा उन्हाळ्याची हमी देत नाही.

अशा जमिनीवर खरा आधार आरसीसीबीचा. तो फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा यांची तुलना करतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. ४० ओहमच्या अर्थिंगवरही पावणेसहा अँपिअर गळते, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या जवळजवळ दोनशे पट. फ्यूज जेथे गप्प बसतो तेथे आरसीसीबी पडतो. मात्र त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, हे पाहावे लागते.

आमची विनंती

विद्यार्थ्यांनी एवढे पाळावे. प्लग काढल्याशिवाय सर्किटला हात लावू नये. सीआरओची क्लिप कुठे लावायची हे आधी वहीत आकृतीवर ठरवावे, मग लावावे. दोन क्लिपा दोन वेगळ्या बिंदूंना कधीही लावू नयेत. फ्यूज उडाला तर कारण सापडेपर्यंत दुसरा घालू नये.

पालकांनी घरातील कोणत्याही प्लगची मोठी पिन कापलेली नाही ना, तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचे जोड लावून फ्रिज, इस्त्री किंवा कॉम्प्युटर चालत नाही ना, हे पाहावे. चवथीची रोषणाई चढवण्यापूर्वी हे पाहिले तर उत्तमच.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी की प्रयोगशाळेच्या खर्चात नव्या उपकरणांच्या आधी तीन गोष्टी धराव्यात. प्रयोगशाळेच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. परवानाधारक वायरमनकडून दरवर्षी उन्हाळ्यात अर्थिंगची मोजणी आणि तिची लेखी नोंद. मीठ-कोळशाच्या खड्ड्याची देखभाल व कोरड्या महिन्यांत त्यात पाणी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३०४३ हे मानक याच विषयावर आहे. वायरमनला ते ठाऊक असते, त्याचा आधार घेऊन काम सांगावे.

जळालेला डायोड दोन-चार रुपयांत परत मिळतो. तो का जळाला हे मुलाला कळले तर त्या दोन-चार रुपयांत बारावीचे एक प्रकरण शिकून झाले. म्हणून डायोड जळाला तर मुलांवर रागावू नये. पिन कापलेला प्लग दिसला तर मात्र तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.